‘साइड इफेक्ट शून्य’ म्हणणाऱ्या कुपीची गोष्ट

परळमध्ये कॅन्सरच्या रिपोर्टची फाइल पोटाशी धरून बसलेल्या माणसाला कोणीतरी हमखास सांगतं: केमो कशाला, प्रतिकारशक्ती जागवणारी इंजेक्शनं घ्या, साइड इफेक्ट शून्य. आमच्या मते या वाक्याचा खरा अर्थ एवढाच की साइड इफेक्ट कोणी मोजलेलेच नाहीत.

मूळ कल्पना खोटी नाही. १८९१ मध्ये न्यूयॉर्कचे सर्जन विल्यम कोली यांनी एका रुग्णाच्या गाठीत स्ट्रेप्टोकोकस जंतू जिवंतच टोचले. संसर्गाने ताप भडकला की गाठ विरघळते, असा त्यांचा होरा. काही गाठी विरघळल्या, काही रुग्ण मात्र संसर्गानेच गेले. पुढे त्यांनी मेलेल्या जंतूंचं मिश्रण वापरलं. टोचल्यावर हुडहुडी भरायची, मग सणसणीत ताप, आणि ताप येईपर्यंत डोस चढवत न्यायचा. पण मिश्रण बनवण्याच्या पद्धती डझनभर आणि प्रत्येकीची ताकद वेगळी. त्यामुळे गुण कशाने आला आणि दगा कशाने झाला, याचा ताळेबंद कधी लागलाच नाही.

दुसरा धोका कुपीतला. तो परळला जुना माहितीचा आहे. लस शोधणारे शास्त्रज्ञ हाफकिन यांच्या इथल्या प्रयोगशाळेतून गेलेली प्लेगची लस १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी टोचली गेली आणि १९ जण धनुर्वाताने दगावले. सगळे एकाच बाटलीचे. बाटली परळलाच दूषित होती की गावात उघडताना चिमटा जमिनीवर पडला म्हणून झाली, यावर पाच वर्षं वाद चालला. हाफकिन यांच्यावरचा ठपका १९०७ मध्ये पुसला गेला. पण निदान बाटलीचा नंबर नोंदलेला होता, म्हणून माग तरी काढता आला.

माग काढण्याची वेळ पुन्हा आली ती अमेरिकेजवळच्या बहामा बेटांवर, कॅन्सरच्याच इंजेक्शनांमुळे. लॉरेन्स बर्टन हे प्राणिशास्त्रज्ञ, डॉक्टर नव्हेत. अमेरिकेत चाचणीच्या परवानगीसाठी केलेला अर्ज त्यांनी पुढे रेटला नाही आणि १९७७ मध्ये फ्रीपोर्टला क्लिनिक थाटलं. निरोगी माणसांच्या आणि कॅन्सर रुग्णांच्या रक्तातून काढलेली प्रथिनं, रोज रक्त तपासून ठरवलेला डोस, आणि दिवसातून अनेकदा स्वतःच टोचून घ्यायची इंजेक्शनं, अशी ही पद्धत. सांगितले जाणारे त्रास किरकोळ: टोचल्या जागी दुखणं, लाली, थकवा. १९८४ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने टोचल्या जागी झालेल्या गळवांची नोंद प्रसिद्ध केली. जंतू होता नोकार्डिया, मातीत राहणारा. निर्जंतुक द्रव्यात तो यायलाच नको. पुढच्याच वर्षी रुग्णांनी घरी आणलेल्या सीलबंद कुप्या तपासल्या, तेव्हा त्यांत हिपॅटायटिस बी आणि काहींत एचआयव्हीच्या खुणा सापडल्या. कारण साधं आहे: अनेकांचं रक्त एकत्र केलं की एक बाधित माणूस सगळा घाणा नासवतो. शिवाय कुप्यांतल्या द्रव्यात मुख्यतः रक्तातलीच पातळ केलेली प्रथिनं निघाली, सर्वांत जास्त अल्ब्युमिन. बहामा सरकारने जुलै १९८५ मध्ये क्लिनिक बंद केलं. पुढच्या वर्षी ते पुन्हा उघडलं.

सिद्ध झालेली इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या जोरावरचा उपचार, निरुपद्रवी असते, असं मुळीच नाही. इंटरल्युकिन-२ या प्रतिकारपेशींना चेतवणाऱ्या प्रथिनाच्या जड डोसात केशवाहिन्या गळू लागतात, रक्तदाब कोसळतो, फुप्फुसांत पाणी साठतं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या कार-टी उपचाराला (यात रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून परत देतात) ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. तिथेही सायटोकाइनचं, म्हणजे प्रतिकारपेशी सोडतात त्या प्रथिनांचं, वादळ उठू शकतं: ताप, रक्तदाब उतरणं, ऑक्सिजन कमी होणं. फरक इतकाच की हे वादळ ओळखीचं आहे. तापाकडे पहिल्या तासापासून लक्ष असतं आणि ते शमवणारं टोसिलिझुमॅब हे औषध हाताशी तयार असतं.

म्हणून कुपी हातात आली की आधी लेबल वाचा: उत्पादकाचा परवाना क्रमांक, बॅच नंबर, मुदत, साठवणीचं तापमान. ‘ट्रायल चालू आहे’ असं सांगितलं तर सीटीआरआयचा (देशातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक आणि संमतीपत्राची प्रत मागा. संमतीपत्रात संभाव्य त्रास आणि इजा झाल्यास भरपाई, दोन्ही लिहिलेलं असावं लागतं.

इंजेक्शन घेऊन झालं असेल तर ऑन्कोलॉजिस्टना सांगा, लाजून लपवू नका. रिकामी कुपी फेकू नका, तपासणीला तीच लागते. केमो चालू असताना १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला तर सकाळची वाट न बघता कॅज्युअल्टी गाठा, कारण पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेततो. द्रव्य मानवी रक्तापासून बनवलेलं असेल तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीची तपासणी लगेच करा आणि डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हाही. नुकता झालेला संसर्ग पहिल्या तपासणीत निसटू शकतो.