मूठ उघडायलाही इंधन लागतं

आडातून पाणी शेंदताना हात काय करतात ते आठवा. एका हाताने दोर ओढायचा, दुसऱ्याने पुढचा भाग धरायचा, मग पहिला सोडायचा. सोडला नाही, तर पोहरा वीतभरही वर यायचा नाही. आपल्या स्नायूंच्या आत हेच चालतं.

स्नायू आखडतो म्हणजे त्यातलं काहीतरी रबरासारखं आकसत असेल, अशीच समजूत बराच काळ होती. 1954 साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन शोधनिबंध शेजारी शेजारी आले. एक अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. (आडनाव एकच असलं तरी हे दोन हक्सली एकमेकांचे कोणी लागत नव्हते.) दोघांचं म्हणणं एकच होतं: आतले तंतू आखूड होत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात.

ॲक्टिन या प्रथिनाचा बारीक तंतू हा दोर, आणि मायोसिन या दुसऱ्या प्रथिनाच्या जाड तंतूवरची इवली डोकी हे हात. एक डोकं एका ओढीत दोर सरकवतं तो सुमारे 10 नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी. पण डोकी असंख्य असतात आणि सगळी एकदम सोडत नाहीत, त्यामुळे चहाचा कप सरळ ओठांपर्यंत येतो.

हुकूम मेंदूकडून येतो. चेतातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलिन हे निरोप्या रसायन सुटतं, स्नायूपेशीत विजेची लाट पसरते आणि पेशीतल्या पिशव्यांमधून कॅल्शियम बाहेर पडतं. ॲक्टिनवरच्या पकडीच्या जागा एरवी झाकलेल्या असतात. कॅल्शियम त्या उघड्या करतं. हात शिथिल करायचा, तर हेच कॅल्शियम पंपाने परत पिशव्यांत भरावं लागतं. त्यालाही एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जळतं.

आणि इथेच खरी गंमत आहे. आपल्याला वाटतं, शक्ती लागते ती धरायला. पण मायोसिनचं डोकं ॲक्टिनला चिकटून बसलं, की ते सुटण्यासाठी एटीपीचा नवा रेणू त्याला येऊन जोडला जावा लागतो. मग त्या रेणूचं विघटन होतं आणि डोकं पुढच्या ओढीसाठी ताणून सज्ज होतं. स्नायूत साठवलेला एटीपी जोरदार कामात जेमतेम दोन-तीन सेकंद पुरतो; म्हणून तो सतत नव्याने बनवावा लागतो, आणि दमाच्या कामात तो मुख्यतः तंतुकणिकांमध्ये, म्हणजे पेशीतल्या इवल्या ऊर्जाघरांमध्ये बनतो. दिवसभरात शरीर जेवढा एटीपी घडवतं आणि मोडतं, तो सगळा मोजला तर साधारण आपल्या वजनाइतका भरतो!

हा पुरवठा थांबला तर? श्वास बंद झाला, की काही तासांत एटीपी संपतो. कॅल्शियम पिशव्यांतून झिरपत राहतं, डोकी दोर धरतात आणि सोडणारं कुणी उरत नाही. मृतदेह लाकडासारखा ताठ होतो तो यामुळे. ताठरपणा आधी जाणवतो पापण्या आणि जबड्यात. घरातली जाणती माणसं लगोलग डोळे मिटवतात, हनुवटी बांधतात. उशीर झाला तर जबडा हलत नाही हे त्यांना ठाऊक असतं. दीड-दोन दिवसांनी देह पुन्हा सैल पडतो, पण तोवर दोर आणि हात दोन्ही कुजायला लागलेले असतात.