केबल ताणली जात नाही, तरी गिअर का बिघडतात?

नाशिकच्या त्र्यंबक रोडवर अंजनेरी फाट्याला रविवारी सकाळी चहाला थांबलात, तर माउंटन बाइकवाल्यांच्या घोळक्यात एक तक्रार हमखास कानावर येते: "नवी सायकल, अजून महिना नाही झाला, अन् गिअर धड पडत नाहीत." त्यावरचं उत्तरही ठरलेलं असतं: "केबल ताणली असेल." मेकॅनिकही बहुतेक वेळा हेच सांगतो. पण हे कारण चुकीचं आहे, आणि कारण चुकलं की दुरुस्तीही भलतीकडेच जाते.

मागच्या चाकावर लहानमोठ्या दातेरी चक्र्यांचा संच असतो, त्याला कॅसेट म्हणतात. आठ चक्र्यांच्या कॅसेटमध्ये शेजारच्या दोन चक्र्यांत ४.८ मिलिमीटर अंतर असतं. शिमानो या सायकलचे भाग बनवणाऱ्या जपानी कंपनीच्या आठ गिअरच्या रचनेत शिफ्टरचा, म्हणजे हँडलवरच्या गिअर बदलायच्या खटक्याचा, एक खटका दाबला की तो केबल सुमारे २.८ मिलिमीटर ओढतो आणि मागचा डिरेलर, म्हणजे चेनला एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, ती हालचाल १.७ पट करतो. गुणाकार करून पाहा: ४.७६. म्हणजे एका खटक्यात चेन बरोबर एक चक्री ओलांडते! शिमानोने १९८४ मध्ये ही खटक्यांची पद्धत बाजारात रुजवली. त्याआधी दांडी अंदाजाने सरकवायची आणि चेनच्या आवाजावरून जागा धरायची.

हाच १.७ चा पट उलटाही फिरतो. केबलमध्ये एक मिलिमीटर ढील आली की चेन जवळजवळ पावणेदोन मिलिमीटर चुकते, म्हणजे दोन चक्र्यांमधल्या अंतराच्या एक तृतीयांशाहून जास्त. मग ती मध्येच करकरत राहते.

ही ढील येते कुठून? केबल स्टीलची असते. डिरेलरची स्प्रिंग तिला जेवढं ओढते, तेवढ्याने ती अगदी किंचित लांबते आणि ताण सुटताच मूळ लांबीवर येते. खरा बदल होतो तो आउटरमध्ये, म्हणजे केबलवरच्या नळीत. केबल ओढली जाते तेव्हा आउटर तेवढ्याच जोराने दाबला जातो. गिअरच्या आउटरमध्ये स्टीलच्या बारीक तारा लांबीच्या दिशेने, एकमेकींना जवळजवळ समांतर असतात, आणि टोकांना टोप्या बसवलेल्या असतात. पहिल्या काही आठवड्यांत या तारा टोप्यांमध्ये नीट बसतात आणि टोप्या फ्रेमच्या खाचांमध्ये. केबल आहे तेवढीच राहते, तिचा रस्ता मात्र आखूड होतो.

ब्रेकच्या आउटरची रचना निराळी. त्यात चपटी तार वेटोळ्यासारखी गुंडाळलेली असते. ती दाब उत्तम सोसते, पण दाबली किंवा वाकवली की तिची लांबी बदलते. ब्रेकला तेवढ्याने काही बिघडत नाही, गिअरचा मात्र सगळा हिशोब चुकतो. कुणी गिअरला ब्रेकचा आउटर घातला असेल तर हँडल वळवलं तरी गिअर सरकतात. शंका असेल तर कापलेलं टोक निरखून पाहा. तारांच्या ठिपक्यांचं कडं दिसलं तर तो गिअरचा, वेटोळं दिसलं तर ब्रेकचा.

नवी सायकल महिन्यात बिघडली की "नजर लागली" म्हणत हँडलला लिंबू-मिरची बांधणारेही आहेत. नजरेने आउटर आखूड होत नाही. केबल जिथे डिरेलरमध्ये किंवा शिफ्टरमध्ये शिरते, तिथे हाताने फिरवायची फिरकी असते. ती अर्धा फेरा बाहेर काढली की ढील भरून निघते.

पण फिरकीला हात लावण्याआधी गिअर कोणत्या दिशेला अडतोय ते बघा. मोठ्या चक्रीकडे चेनला केबल ओढते, लहान चक्रीकडे तिला फक्त स्प्रिंग परत आणते. मोठ्या चक्रीवर चढायला चेन कुरकुरत असेल तर ढील आहे. लहान चक्रीवर उतरायला वेळ लावत असेल तर केबल जास्त ताठ आहे किंवा आउटरमध्ये घाण अडकली आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणाच्या मागच्या वाटांनी फिरून आलात की काळ्या मातीचा चिखल मागच्या आउटरमध्ये शिरतो आणि तिथेच वाळतो. अंगठ्याचा जोर त्याला पुरून उरतो, बिचाऱ्या स्प्रिंगचा नाही, म्हणून बिघाड एकाच दिशेला दिसतो. इथे फिरकी कितीही फिरवा, उपयोग नाही. केबल आणि आउटर दोन्ही बदलायचे.

जास्त चक्र्यांची सायकल घेतली की हा त्रास संपतो, ही जाहिरातींनी पसरवलेली समजूत. बारा चक्र्यांत दोन चक्र्यांमधलं अंतर चार मिलिमीटरच्याही खाली जातं. म्हणून तर नव्या माउंटन बाइकमध्ये खटक्याला केबल जास्त ओढून डिरेलरचा पट कमी ठेवतात, म्हणजे तेवढ्याच ढिलीने चेन कमी चुकते.

मधले गिअर नीट जुळवले तरी टोकाचे बिघडत असतील, तर केबलला दोष देऊ नका. चामर लेणीच्या पायथ्याच्या दगडगोट्यांत सायकल उजव्या अंगावर आपटली असेल तर डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो हँगर वाकलेला असतो. तो मुद्दाम मऊ अ‍ॅल्युमिनियमचा करतात, फ्रेमच्या आधी तो वाकावा म्हणून. सायकलच्या मागे उभं राहून पाहा: डिरेलरची दोन छोटी चाकं चक्र्यांना समांतर दिसली पाहिजेत. ती आत झुकलेली असतील तर हँगर सरळ होईपर्यंत सर्वांत मोठ्या चक्रीवर जाऊ नका, डिरेलर चाकाच्या तारांमध्ये शिरू शकतो.