विज्ञान-राजनय : मुंबईचा वाटा

विज्ञान व तंत्रज्ञान यांचा राष्ट्राच्या परराष्ट्रव्यवहारात होणारा उपयोग. तंत्रज्ञान देणे, घेणे किंवा नाकारणे, आंतरराष्ट्रीय प्रयोगांत भाग घेणे, शास्त्रज्ञांना वाटाघाटींत बसवणे, औषधे व उपकरणे भेट देणे, हे सारे त्यात येते. लंडनची रॉयल सोसायटी आणि अमेरिकेतील विज्ञान-प्रगती संघटना यांनी २०१० मध्ये या विषयाची तीन अंगे सांगितली : धोरण ठरवताना विज्ञानाचा सल्ला, विज्ञानाच्या सोयीसाठी राजनय आणि राजनयाच्या सोयीसाठी विज्ञान. अध्यापनाला ही विभागणी सोयीची असली, तरी भारतीय उदाहरणे तिच्यात नीट बसत नाहीत. ट्रॉम्बेची सायरस अणुभट्टी तिन्ही कप्प्यांत ठेवता येते, आणि तिने जे रामायण घडवले त्याला मात्र तिन्हींत जागा नाही.

भारतात या विषयाचे एक केंद्र दिल्लीऐवजी मुंबईत राहिले. अणुऊर्जा विभाग ३ ऑगस्ट १९५४ रोजी थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीत स्थापन झाला आणि त्याचे मुख्यालय मुंबईत ठेवण्यात आले. विभागाचा सचिव हा शास्त्रज्ञ किंवा अभियंता असतो आणि तोच अणुऊर्जा आयोगाचा अध्यक्ष असतो. त्यामुळे परदेशी करारांचे तांत्रिक मसुदे दिल्लीच्या साउथ ब्लॉकमध्ये (परराष्ट्र मंत्रालयात) पोहोचण्याआधी अपोलो बंदराजवळच्या अणुशक्ती भवनातून फिरून येत. होमी भाभांचे जवाहरलाल नेहरूंशी व्यक्तिगत सख्य हे याचे कारण म्हणून नेहमी सांगितले जाते. ते खरे आहे. पण टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ पासूनच मुंबईत होती आणि अणुकार्यक्रमाचे पहिले मनुष्यबळ तिथूनच आले, हे कारणही तितकेच वजनदार मानावे लागते.

पूर्वपीठिका : या परंपरेचा आरंभ कुठे धरावा याबाबत एकमत नाही. काही अभ्यासक तो कुलाब्याच्या वेधशाळेपर्यंत मागे नेतात. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारलेल्या या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होऊ लागल्या. त्या ब्रिटनच्या पुढाकाराने चाललेल्या जगव्यापी मोहिमेचा भाग होत्या. सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड सौर वादळात कुलाब्याच्या सुईने दाखवलेली सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची (चुंबकीय क्षेत्राच्या मापाची) घट आजही संशोधनात वापरली जाते. पुढे शहरात विजेच्या ट्राम आल्या. त्यांचा उपद्रव नको म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात चुंबकीय वेध अलिबागला हलवण्यात आले.

दुसरा पक्ष १८९६ च्या प्लेगपासून सुरुवात करतो. मांडवीत साथ पसरताच युरोपीय बंदरांत मुंबईच्या मालाविषयी धास्ती पसरली. १८९७ च्या आरंभी व्हेनिस येथे खास प्लेगसाठी आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली आणि हाजींच्या जहाजांवर बंदी आली. जर्मन, ऑस्ट्रियन व रशियन वैद्यक मंडळे शहरात येऊन गेली. जर्मन मंडळासाठी रॉबर्ट कॉख स्वतः आला होता. वॉल्डेमार हाफकिनने भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील खोलीत तयार केलेली लस १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. एका साथीमुळे व्यापार, तीर्थयात्रा व प्रयोगशाळा हे तिन्ही विषय एकाच टेबलावर आल्याचे हे ठळक उदाहरण होय. तरीही वसाहतीला स्वतःचे परराष्ट्रधोरण नसते, ही हरकत दोन्ही मतांना लागू पडते. म्हणून येथे १९४७ नंतरचा काळच मुख्य धरला आहे.

स्वातंत्र्योत्तर आरंभ : अणुऊर्जा आयोग १९४८ मध्ये स्थापन झाला. भारताच्या हातात तेव्हा तंत्रज्ञान नव्हते, वाळू होती. केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट या खनिजात थोरियम हा अणुइंधनास उपयोगी धातू असल्याने अमेरिका, ब्रिटन व फ्रान्स यांचे त्यावर लक्ष होते. या खनिजाची निर्यात भारताने रोखून धरली. १९५१ मध्ये अन्नटंचाईपोटी अमेरिकेकडे गव्हासाठी कर्ज मागितले गेले, तेव्हा तिथल्या काँग्रेसमध्ये (संसदेत) बदल्यात मोनाझाइट घ्यावे असा आग्रह झाला. नेहरूंनी तो मानला नाही. त्याच वर्षी फ्रान्सच्या अणुऊर्जा आयोगाशी बेरिलियमवर आधारित अणुभट्टीच्या संशोधनाचा करार झाला. कच्च्या मालाच्या बदल्यात माहिती घ्यायची, पैसा नव्हे, हे सूत्र इथे पहिल्यांदा स्पष्ट दिसते. प्रस्तुत नोंदीत म्हणूनच आरंभ १९५५ च्या जिनिव्हा परिषदेऐवजी १९५१ च्या आसपास धरणे श्रेयस्कर मानले आहे.

जिनिव्हा परिषदेचे (८ ते २० ऑगस्ट १९५५) महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. अणुशक्तीच्या शांततामय उपयोगावरील संयुक्त राष्ट्रांच्या या पहिल्या परिषदेचे अध्यक्षपद भाभांकडे आले. वीस वर्षांत अणुसंमीलनातून (हलकी अणुकेंद्रे जोडून) नियंत्रित ऊर्जा मिळेल, हे त्यांचे अध्यक्षीय भाषणातील भाकीत फार गाजले. ते अद्याप खरे व्हायचे आहे. पुढल्या वर्षी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची घटना ठरत असताना भाभांनी तपासणीच्या अटींना कडवा विरोध केला. मदत घेणाऱ्यांवरच तपासणी बसली, तर ज्यांच्याकडे आधीच बॉम्ब आहेत ते मोकळे राहतील आणि जगाची दोन गटांत वाटणी होईल, असा त्यांचा मुद्दा होता. संस्थेच्या संचालक मंडळात प्रत्येक भूप्रदेशातील अणुतंत्रज्ञानात सर्वांत पुढारलेल्या देशाला जागा मिळावी, हे सूत्रही त्यांचेच असल्याचे सांगितले जाते. त्या सूत्रामुळे निवडणुकीविना भारताची जागा पक्की झाली. तपासणीला विरोध आणि मंडळात कायमची खुर्ची, दोन्ही एकाच माणसाने एकाच वर्षी साधले.

सायरस व जड पाण्याचा वाद : ट्रॉम्बेची पहिली अणुभट्टी अप्सरा ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली. बांधणी भारतीय अभियंत्यांची, समृद्ध युरेनियमचे इंधन ब्रिटनचे. सोव्हिएत संघ वगळता ती आशियातील पहिली अणुभट्टी. तिच्याविषयी राजनयाच्या अंगाने फारसा वाद नाही. वाद आहे तो तिच्या शेजारणीचा.

कोलंबो योजनेखाली (राष्ट्रकुल देशांनी सुरू केलेल्या विकाससाहाय्य योजनेखाली) कॅनडाने देऊ केलेल्या ४० मेगावॉट क्षमतेच्या अणुभट्टीचा करार २८ एप्रिल १९५६ रोजी झाला. न्यूट्रॉनांचा वेग कमी करण्यासाठी लागणारे २१ अमेरिकन टन (सुमारे १९ मेट्रिक टन) जड पाणी, म्हणजे जड हायड्रोजन असलेले पाणी, अमेरिकेने विकले. कॅनडा, इंडिया, रिॲक्टर आणि यूएस या शब्दांची आद्याक्षरे जोडून अणुभट्टीचे नाव झाले सायरस. ती १० जुलै १९६० रोजी कार्यान्वित झाली. पहिल्या भरणातील निम्मे इंधन ट्रॉम्बेतच तयार केलेले होते. नैसर्गिक युरेनियम, जड पाणी आणि थंडाव्यासाठी साधे पाणी अशी तिची रचना. घारापुरीला जाणाऱ्या लाँचमधून ट्रॉम्बेच्या टेकडीखाली दिसणाऱ्या घुमटांत तिचाही घुमट होता.

कॅनडाशी झालेल्या करारात एक कलम होते : अणुभट्टी व तिच्यातून निघणारे पदार्थ केवळ शांततामय कामासाठी वापरले जातील, याची हमी भारत सरकार देईल. अमेरिकेच्या जड पाण्याच्या करारातही 'शांततामय' हाच शब्द होता. तपासणीची तरतूद मात्र दोन्हींत नव्हती, कारण आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थाच तेव्हा अस्तित्वात आली नव्हती. सायरसमध्ये जळालेल्या इंधनातून प्लुटोनियम (बॉम्बलाही चालणारा धातू) वेगळे करण्याचा कारखाना ट्रॉम्बेत १९६० च्या दशकाच्या मध्यास चालू झाला. २२ जानेवारी १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी त्याचे उद्घाटन केले. १८ मे १९७४ च्या पोखरण स्फोटातील प्लुटोनियम सायरसचे होते, याविषयी आज दुमत नाही.

पुढे वाद दोन पातळ्यांवर चालला. पहिली पातळी कायद्याची. शांततामय अणुस्फोट ही कल्पना तेव्हा भारताने शोधून काढलेली नव्हती. खोदकामासाठी अणुस्फोट वापरण्याचे प्रयोग अमेरिका स्वतः करत होती आणि १९६८ च्या अण्वस्त्रप्रसारबंदी करारातही अशा स्फोटांसाठी कलम आहे. कॅनडाचे पंतप्रधान पिएर त्रुदो यांनी मात्र १९७१ मध्येच इंदिरा गांधींना पत्राने कळवले होते की, कॅनडाची सामग्री कोणत्याही स्फोटासाठी वापरली गेली तर सहकार्याचा फेरविचार होईल. भारताने ही शक्यता काल्पनिक म्हणून बाजूला सारली. कलमाच्या शब्दांवर बोट ठेवले तर भारताची बाजू टिकते. करार करताना दोन्ही पक्षांच्या मनात काय होते ते पाहिले तर ती डळमळते.

दुसरी पातळी तांत्रिक असून तिच्याकडे सर्वसाधारण ग्रंथांत पुरेसे लक्ष दिलेले आढळत नाही. जड पाणी अणुभट्टीतून सतत थोडे थोडे गळते व बाष्परूपाने जाते. ते वरून भरून काढावे लागते. नांगल येथील भारतीय कारखान्यातून १९६२ पासून जड पाणी मिळू लागले होते. अमेरिकन पाण्याची गळती वर्षाला दहा टक्क्यांच्या आसपास धरली, तर १९७४ पर्यंत त्यातले जवळजवळ काही उरलेले नसणार, असा युक्तिवाद अमेरिकन परराष्ट्र खात्याने आपल्या काँग्रेससमोर मांडला होता. १९७६ मध्ये तो मागे घ्यावा लागला. मुळात दहा टक्के हा आकडा फुगवलेला होता. शिवाय अणुभट्टीचे काम कसे चालते ते पाहता प्रश्नच चुकीचा विचारला गेल्याचे दिसते. स्फोटाच्या दिवशी टाकीत कोणते पाणी होते याला अर्थ नाही; इंधन अणुभट्टीत असताना कोणते पाणी होते, याला आहे. स्फोटासाठीचे प्लुटोनियम ज्या इंधनातून आले ते बहुतांशी साठच्या दशकात जळालेले होते आणि तेव्हा टाकीतला मोठा भाग अमेरिकन पाण्याचाच असणार. दोन्ही जड पाणी एकदा मिसळले की रेणूंवर देशाचा शिक्का नसतो, हा भारतीय बाजूचा प्रतिवाद रसायनशास्त्राच्या दृष्टीने बिनतोड आहे. हिशेबाच्या दृष्टीने तो तितका समाधानकारक नाही.

परिणाम दूरगामी झाले. कॅनडाने मदत तत्काळ थांबवली व १९७६ मध्ये संबंध औपचारिकपणे तोडले. अणुसामग्री पुरवणाऱ्या देशांचा गट १९७५ मध्ये लंडनला जमू लागला, तो याच धक्क्याने. ट्रॉम्बेत याचा एक उलट परिणाम झाला : ८ ऑगस्ट १९८५ रोजी सुरू झालेली १०० मेगावॉटची ध्रुव अणुभट्टी देशी बनावटीची होती आणि तिच्यावर कोणाचेही कलम नव्हते.

तारापूर ते नागरी अणुकरार : तारापूरच्या दोन अणुभट्ट्या (तेव्हा ठाणे, आता पालघर जिल्हा) १९६३ च्या भारत-अमेरिका कराराने आल्या आणि १९६९ मध्ये वीज देऊ लागल्या. इंधन समृद्ध युरेनियमचे, ते फक्त अमेरिकेने पुरवायचे. अमेरिकेच्या १९७८ च्या अण्वस्त्रप्रसारविरोधी कायद्याने पुरवठा अडला. १९८२ मध्ये फ्रान्सने ती जागा घेतली, पुढे चीनने व नंतर रशियाने. मुंबईला वीज देणाऱ्या केंद्राचे इंधन चीनमधून आले होते, हे आज अनेकांच्या ध्यानात नसते.

जुलै २००५ च्या भारत-अमेरिका संयुक्त निवेदनानंतर नागरी व लष्करी अणुकेंद्रे वेगळी करण्याची वाटाघाट सुरू झाली. अणुऊर्जा आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष अनिल काकोडकर यांनी फेब्रुवारी २००६ मध्ये एका मुलाखतीत जाहीरपणे सांगितले की, शीघ्र प्रजनक (जळते त्याहून अधिक इंधन निर्माण करणाऱ्या) अणुभट्ट्या नागरी यादीत टाकता येणार नाहीत. वाटाघाट चालू असताना सचिवाने वर्तमानपत्रातून बोलणे नोकरशाहीच्या शिस्तीत बसत नाही. परंतु अंतिम आराखड्यात त्यांचेच म्हणणे राहिले. २२ पैकी १४ वीज-अणुभट्ट्या तपासणीखाली गेल्या, ट्रॉम्बे बाहेर राहिले. सायरस बंद करण्याचे भारताने मान्य केले आणि ३१ डिसेंबर २०१० रोजी ती थांबली. करारावर १० ऑक्टोबर २००८ रोजी सह्या झाल्या.

या वाटाघाटींच्या छायेत एक लहान पण कोकणाच्या जिव्हाळ्याचा व्यवहार पार पडला. फळमाशी व कोयीतील भुंगा यांमुळे भारतीय आंब्याला अमेरिकेची दारे कित्येक वर्षे बंद होती. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रज्ञानावर लासलगावला मूळ कांद्यासाठी उभारलेल्या केंद्रात कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांखाली पेट्या फिरवून किमान ४०० ग्रे (किरणमात्रेचे एकक) मात्रा देण्याची अट मान्य झाली आणि २००७ च्या हंगामात हापूस व केसर अमेरिकेला रवाना झाले. अमेरिकन निरीक्षक केंद्रात हजर असल्याखेरीज पेटी हलत नसे, आणि त्यांचा खर्च भारतीय बाजूने सोसायचा होता.

शिक्षण व सहयोगी संशोधन : पवईची आयआयटी १९५८ मध्ये युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीवर सुरू झाली, पहिले वर्ग वरळीला सस्मिरा या वस्त्रसंशोधन संस्थेच्या इमारतीत भरले. मद्रासला पश्चिम जर्मनी, कानपूरला अमेरिका, दिल्लीला ब्रिटन, अशी त्या काळची वाटणी होती. अलिप्ततावाद इथे संगणकातही दिसतो : कुलाब्याच्या टाटा संस्थेत १९६४ पासून अमेरिकन सीडीसी ३६००, तर पवईला सोव्हिएत मिन्स्क.

युरोपीय अणुसंशोधन संस्थेशी (सर्न) टाटा संस्थेतील गटांचे संबंध जुने आहेत. अणुऊर्जा विभागाने २००४ मध्ये जिनिव्हाच्या आवारात नटराजाची मूर्ती भेट दिली. सहयोगी सदस्यत्वाच्या करारावर २१ नोव्हेंबर २०१६ रोजी मुंबईतच सह्या झाल्या. हिंगोली जिल्ह्यातील नियोजित गुरुत्वीय लहरी वेधशाळेचा करारही त्याच वर्षीचा.

औषधे व लशी : १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवरील पेटंट काढून टाकले. त्या बळावर मुंबईच्या सिप्ला कंपनीने २००१ मध्ये एड्सवरील तिहेरी औषधयोजना डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेला रुग्णामागे वर्षाला ३५० डॉलरना देऊ केली. पाश्चात्त्य कंपन्यांचा दर तेव्हा दहा हजारांच्या वर होता. त्याच नोव्हेंबरात दोहा येथे सार्वजनिक आरोग्यासाठी पेटंट नियमांत सवलतीचा जाहीरनामा झाला. खासगी कंपनीचा दर हा राजनय म्हणावा का, याबद्दल मतभेद आहेत. भाभा केंद्राने तयार केलेले कर्करोगावरील किरणोपचाराचे भाभाट्रॉन यंत्र व्हिएतनामसह काही देशांना सरकारतर्फे भेट देण्यात आले. तिथे असा प्रश्न येत नाही. जानेवारी २०२१ मध्ये भूतानला दीड लाख कोविड लसमात्रा गेल्या, त्या बनल्या पुण्यात आणि विमानात चढल्या मुंबईला.

परराष्ट्र मंत्रालयाने २०२० मध्ये नव्या व सामरिक तंत्रज्ञानासाठी दिल्लीत स्वतंत्र विभाग उघडला. त्याचा भर फाइव्ह-जी व कृत्रिम बुद्धिमत्तेवर आहे.