थोरल्या शाहूंचा संसार

साताऱ्याहून माहुलीला गेलं की थोरल्या शाहू महाराजांच्या, म्हणजे संभाजी महाराजांच्या मुलाच्या, खंड्या कुत्र्याची समाधी हमखास दाखवतात. राजाचा जीव त्या मुक्या जनावरावर किती होता, हे लोकांच्या अजून ध्यानात आहे. राण्यांची नावं मात्र फार थोड्यांना सांगता येतात.

१६८९ साली रायगड मोगलांच्या हाती गेला तेव्हा शाहू सात वर्षांचे होते. पुढची सतरा-अठरा वर्षं औरंगजेबाच्या छावणीत गेली. पहिली दोन लग्नंही तिथंच, बादशहाच्या मर्जीनं लागली. एक मुलगी कण्हेरखेडच्या शिंद्यांची, दुसरी सिंदखेडच्या जाधवांची. १७०७ साली सुटका झाली ती आई येसूबाईंना ओलीस ठेवून. त्या परतल्या १७१९ साली. ज्याचं लग्न शत्रूच्या छावणीत लागलं आणि ज्याची आई बारा वर्षं तारण राहिली, त्याच्या संसाराचं मोजमाप आपल्या संसारासारखं करणं मला अन्यायाचं वाटतं.

१७०८ च्या जानेवारीत साताऱ्यात राज्याभिषेक झाला. पुढच्या दोन राण्या म्हणजे सकवारबाई आणि सगुणाबाई. सकवारबाई शिर्क्यांच्या आणि सगुणाबाई मोहित्यांच्या. दोन्ही घराणी स्वराज्यातली मातबर. या दोन राण्यांचं आपसांत कधी जमलं नाही. पण वाड्याचा खरा कारभार होता विरूबाईंकडे. छावणीतल्या लग्नात त्या दासी म्हणून आल्या आणि जन्मभर महाराजांबरोबर राहिल्या. लग्नाची राणी म्हणून त्यांची नोंद नाही, तरी मुदपाकखान्यापासून राण्यांच्या मानापमानापर्यंत सगळं त्याच सांभाळत. पारदच्या लोखंड्यांचा मुलगा महाराजांनी जवळ केला, तो फत्तेसिंह भोसले. विरूबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. पुढचं अक्कलकोटचं घराणं त्याचंच. १७४० मध्ये विरूबाई वारल्या आणि त्यांचे अंत्यविधी त्यानंच केले.

शाहूंना घरात सुख मिळालं असेल तर ते विरूबाईंच्या हयातीत, असं मला ठामपणे वाटतं. त्या गेल्यावर दोन्ही राण्यांची धुसफूस मोकळी सुटली. गादीला वारस नव्हता, त्यामुळे घरातलं भांडण राज्याचं भांडण झालं. १७४८ मध्ये सगुणाबाई वारल्या. वर्षभरातच महाराजांचं दुखणं वाढलं. सकवारबाईंना दत्तक आपल्या पसंतीचा हवा होता. महाराजांच्या काकू ताराबाईंनी मात्र रामराजांना आपला नातू म्हणून पुढं आणलं. आजारी नवऱ्याच्या उशाशी अशी ओढाताण चाललेली, आणि आपल्यामागं गादीवर कोण, याचा निकाल त्याच अंथरुणावरून करायचा.

१५ डिसेंबर १७४९ ला शाहू महाराज साताऱ्यात वारले. सकवारबाई त्यांच्याबरोबर माहुलीला सती गेल्या. स्वखुशीनं की दरबारच्या दबावानं, यावर इतिहासकारांत वाद आहे. पुढच्याच महिन्यात रामराजे गादीवर बसले.