हिरवं तेवढं सुंदर? नकाशा वेगळंच सांगतो

'जितकी हिरवळ जास्त, तितकं दृश्य सुंदर' हे आपण फार काळ ऐकत आलोय. ते खरं नाही. ब्रिटनमध्ये 'सीनिक ऑर नॉट' या प्रकल्पात नकाशावरच्या एकेका चौरस किलोमीटरच्या चौकटीतले फोटो दाखवून लोकांकडून १ ते १० गुण घेतले गेले. वॉरिक विद्यापीठाच्या संशोधकांनी असे दोन लाखांहून जास्त फोटो संगणकाकडून तपासले. निष्कर्ष २०१७ मध्ये आले. दऱ्या, डोंगर, किनारे वर, हे अपेक्षितच. पण जुने किल्ले आणि उंच कमानींचे पूलही गुण वाढवत होते; सपाट गवताची मैदानं मात्र कमी करत होती! म्हणूनच नुसता उपग्रहचित्रातला हिरवा रंग मोजून सौंदर्य ठरवणं मला घातक वाटतं. त्या हिशेबात स्कॉटलंडचे करडे-तपकिरी डोंगर मागे पडतील.