आद्य ख्रिस्ती प्रकटनसाहित्यातील प्रतीके

इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत ख्रिस्ती लेखकांनी लिहिलेल्या दृष्टान्तग्रंथांत श्वापदे, आकडे, रंग, नगरे आणि स्त्रिया प्रतीकरूपाने येतात. त्यांचा अर्थ लावण्याच्या रीतींची ही नोंद आहे. या साहित्यात नव्या कराराच्या शेवटी येणारा ‘प्रकटीकरण’ हा ग्रंथ प्रमुख. ‘हर्मासचा मेंढपाळ’, ‘पेत्राचे प्रकटीकरण’, ‘यशयाचे स्वर्गारोहण’ हे त्याचे भाऊबंद पुढे बायबलबाहेर राहिले. सगळ्यांचा साचा जुना, यहुदी आहे. द्रष्ट्याला दृश्य दिसते, सोबत देवदूत असतो, आणि तो त्यातले थोडे उलगडून सांगतो. इ. स. पू. १६५ च्या सुमारास, अंटायोकस चौथा या राजाच्या जुलमाच्या काळात सिद्ध झालेला दानीएलचा ग्रंथ हा या साच्याचा मुख्य नमुना.

प्रकटीकरणाचा लेखक स्वतःला योहान म्हणवतो. आपण पात्म बेटावर होतो असे तो सांगतो आणि आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागातल्या सात शहरांतील मंडळ्यांना उद्देशून लिहितो. यहुदी द्रष्टे हनोख, बारूख अशा प्राचीन पुरुषांच्या नावामागे दडत. हा मात्र स्वतःच्या नावाने, ओळखीच्या माणसांना लिहितो, आणि अर्थ लावताना ही गोष्ट निर्णायक ठरते. शुभवर्तमानकार योहान तो हाच काय, याबद्दल तिसऱ्या शतकातच अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस याने भाषाशैलीवरून शंका घेतली होती. लेखनकाळ दुसऱ्या शतकातला बिशप आयरेनियस याच्या साक्षीनुसार रोमन सम्राट डोमिशियनच्या (कार. ८१–९६) अखेरच्या वर्षांतला. काही अभ्यासक तो आधीचा सम्राट नीरो याच्या मृत्यूनंतरच्या धामधुमीपर्यंत मागे नेतात. डोमिशियनने साम्राज्यभर ख्रिस्ती लोकांचा छळ केला असे पूर्वी ठामपणे लिहिले जाई; आता तसे लिहिणे धाडसाचे आहे. ग्रंथात नावानिशी आलेला हुतात्मा एकच, पर्गमचा अंतिपा.

प्रतीकांची पहिली किल्ली हिब्रू शास्त्रात आहे. योहान ‘असे लिहिले आहे’ म्हणून उतारा कधी देत नाही. पण यहेज्केल, जखऱ्या, यशया आणि दानीएल यांची चित्रे मोडून त्यांचे तुकडे तो नव्याने जुळवतो. तेराव्या अध्यायात समुद्रातून वर येणारे श्वापद पाहा. अंग चित्त्याचे, पाय अस्वलाचे, तोंड सिंहाचे, सात डोकी, दहा शिंगे. दानीएलच्या सातव्या अध्यायात सिंह, अस्वल, चार डोक्यांचा चित्ता आणि दहा शिंगांचे एक भयंकर श्वापद अशी चार जनावरे एकामागून एक समुद्रातून येतात. प्रत्येक म्हणजे एक राज्य. चौघांची डोकी मोजली तर सात भरतात. योहानाने चारही राज्ये एका धडात कोंबली आहेत. आजवर जी जी जुलमी सत्ता झाली तिचे सार म्हणजे ही आपल्यावरची सत्ता, असा त्याचा दावा आहे, आणि तो त्याने एकही विधान न करता केला आहे. सात डोक्यांवर दहा शिंगे बसवायची कशी, असा प्रश्न चित्रकाराला पडतो. ड्यूररने १४९८ च्या लाकूडठशांत ती बसवून दाखवली. पण मुळात हे श्वापद डोळ्यांपेक्षा स्मरणासाठी रचलेले आहे.

दुसरी किल्ली लेखक स्वतः देतो, पण कंजूषपणे. सात तारे म्हणजे सात मंडळ्यांचे दूत आणि सोन्याच्या सात समया म्हणजे त्या मंडळ्या, हे पहिल्याच अध्यायात सांगून टाकले आहे. याहून महत्त्वाची युक्ती न सांगता वापरलेली आहे. योहान एक गोष्ट ऐकतो आणि वळून पाहतो तेव्हा त्याला दुसरीच दिसते. पाचव्या अध्यायात मोहरबंद गुंडाळीचे शिक्के फोडायला ‘यहूदा वंशाचा सिंह’ विजयी झाला आहे असे त्याच्या कानी पडते. समोर उभा असतो वधलेला कोकरा. सातव्या अध्यायात इस्राएलाच्या बारा वंशांतले १,४४,००० ऐकू येतात. दिसतो तो सर्व राष्ट्रांचा, कोणाला मोजता न येणारा समुदाय. ऐकलेल्या प्रतीकाचा अर्थ पाहिलेले प्रतीक बदलते. सिंहाचा विजय कोकऱ्याच्या मरणातून होतो, हे या ग्रंथाचे खरे उलटेपण. पुढच्या सगळ्या रक्तपाताच्या वर्णनांना ते लावून वाचायचे की नाही, यावर अभ्यासकांचे दोन तट आहेत. लावूनच वाचावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत. मात्र एकोणिसाव्या अध्यायातले पांढऱ्या घोड्यावरचे युद्ध त्याने पुरते निवळत नाही, हेही मान्य करावे लागते.

तिसरी किल्ली वाचकांच्या रोजच्या जगात आहे. मुंबईच्या वर्तमानपत्रातल्या व्यंगचित्रात वाघ दिसला की पक्ष कोणता, हे वाचकाला सांगावे लागत नाही. तसेच ‘बॅबिलोन’ म्हणजे रोम, हे पहिल्या शतकाच्या अखेरीस यहुदी आणि ख्रिस्ती दोघांनाही कळत होते. इ. स. पू. ५८६ मध्ये बॅबिलोनने यरुशलेमचे मंदिर पाडले आणि इ. स. ७० मध्ये रोमने दुसऱ्यांदा. एज्राचा चौथा ग्रंथ हे यहुदी प्रकटन आणि नव्या करारातले पेत्राचे पहिले पत्र यांतही हेच सांकेतिक नाव आहे. सतराव्या अध्यायातली जांभळी वस्त्रे नेसलेली स्त्री सात डोक्यांच्या श्वापदावर बसते आणि देवदूत सांगतो की ही डोकी म्हणजे सात डोंगर. सात टेकड्यांवर रेलून बसलेली रोमा देवी व्हेस्पेसियनच्या इ. स. ७१ मधल्या नाण्यावर कोरलेली आहे. राज्य जी प्रतिमा मिरवत होते, तीच योहानाने उलटी टांगली. पण देवदूत लगेच पुढे म्हणतो की डोकी म्हणजे सात राजेही: पाच पडले, एक आहे, एक यायचा आहे. मोजणी जूलियस सीझरपासून करायची की ऑगस्टसपासून, आणि इ. स. ६८-६९ चे अल्पजीवी सम्राट धरायचे की सोडायचे, यावर भरपूर शाई सांडली आहे. सात हा पूर्णतेचा आकडा आहे आणि योहानाला यादी नको असून ‘आता शेवट जवळ आला’ एवढेच सांगायचे आहे, ही सर्वांत कमी ओढाताणीची वाट.

रोम बुडाल्यावर रडतात ते व्यापारी, आणि अठराव्या अध्यायात त्यांच्या मालाची यादीच येते: सोने, मोती, रेशीम, हस्तिदंत, दालचिनी, गहू, घोडे, आणि सर्वांत शेवटी गुलाम, ‘माणसांचे जीव’. यातला बराचसा माल पूर्वेकडचा. पहिल्याच शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात भडोच, सोपारा आणि कल्याण ही बंदरे येतात, आणि भडोचहून हस्तिदंत व रेशमी कापड निघत असल्याची नोंद आहे. प्रतीकांच्या जंगलात ही यादी मात्र अक्षरशः खरी आहे.

श्वापदाचा आकडा, ६६६, ही या क्षेत्रातली सर्वांत गाजलेली आणि पुराव्याने सर्वांत नीट तपासता येणारी खूण. ग्रीक आणि हिब्रू लिपींत वेगळे अंक नव्हते. अक्षरांनाच किंमत असे. त्यामुळे कोणत्याही नावाची बेरीज होई आणि लोक ती मजेने करत. पॉम्पेईच्या एका भिंतीवर कोणी प्रियकर लिहून गेला आहे की जिचा आकडा ५४५ तिच्यावर माझे प्रेम आहे. रोमन चरित्रकार सुएटोनियसने रोममध्ये फिरणारे एक कोडे नोंदवले आहे: ग्रीक लिपीत नीरोच्या नावाची बेरीज आणि ‘स्वतःच्या आईला ठार केले’ या शब्दांची बेरीज सारखीच येते. येशूचे ग्रीक नाव ८८८ भरते, हेही ख्रिस्ती लोकांना ठाऊक होते.

योहान म्हणतो, ज्याला बुद्धी आहे त्याने आकडा मोजावा, तो माणसाचा आकडा आहे. ‘नेरोन कैसर’ हे हिब्रू अक्षरांत लिहिले तर नून ५०, रेश २००, वाव ६, नून ५०. मग कोफ १००, सामेख ६०, रेश २००. बेरीज ६६६. ‘कैसर’मध्ये एक अक्षर गाळून बेरीज जुळवली आहे, असा आक्षेप घेतला जाई. पण मृत समुद्राजवळ वादी मुरब्बात इथे सापडलेल्या, नीरोच्याच काळातल्या अरामी दस्तऐवजात हेच वर्णलेखन आहे. काही प्राचीन हस्तलिखितांत आकडा ६१६ आहे. इजिप्तमधल्या ऑक्सिर्हिंकसच्या उकिरड्यात मिळालेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पपायरसाच्या तुकड्यावरही तो तसाच वाचता येतो. लॅटिन धाटणीने ‘नेरो’ लिहिले की शेवटचा नून जातो, पन्नास कमी होतात आणि ६१६ उरतात. दोन्ही पाठ एकाच नावाने सुटावेत, हा नीरोच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा. श्वापदाची ‘प्राणघातक जखम बरी झाली’ हेही त्याला जुळते. नीरोने इ. स. ६८ मध्ये आत्महत्या केली, पण तो जिवंत आहे, परत येणार, अशी वदंता पूर्वेत पसरली होती. पुढच्याच वर्षी एजियन समुद्रातल्या किथ्नोस बेटावर एक तोतया नीरो मारला गेल्याचे रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो. ‘यशयाचे स्वर्गारोहण’ या ग्रंथातही सैतान मातृघातकी राजाच्या रूपात उतरतो.

तरीही शंभरेक वर्षांत हा उलगडा विसरला गेलेला दिसतो. ६१६ हा पाठ आयरेनियसला माहीत होता आणि त्याने तो चुकीचा ठरवला. ६६६ साठी त्याने एव्हान्थास, लातेइनोस, तेइतान अशी ग्रीक नावे सुचवली. नीरो त्याच्या यादीत नाही. ग्रीक वाचणाऱ्या मंडळ्यांना हिब्रू बेरीज कशी कळावी, हा प्रश्न म्हणून शिल्लक राहतोच.

स्थानिक खुणांचा मोह मात्र आवरावा लागतो. पर्गममध्ये ‘सैतानाचे आसन’ आहे असे योहान म्हणतो. झ्यूसची भव्य वेदी (तिचे अवशेष आज बर्लिनमध्ये आहेत), सर्पधारी एस्क्लेपियसचे आरोग्यधाम आणि इ. स. पू. २९ पासूनचे रोमा-ऑगस्टसचे मंदिर असे तीन दावेदार त्या एका शहरात आहेत. सम्राटपूजेचा वाद ग्रंथभर चालतो, म्हणून तिसऱ्याकडे कल अधिक. लावदिकीयाच्या मंडळीला ‘तू कोमट आहेस’ म्हटले, त्याचा संबंध जवळच्या हिएरापोलिसच्या गरम झऱ्यांशी आणि नळाच्या पाण्याशी प्रवचनांतून हमखास जोडला जातो. तो तितका पक्का नाही. ‘मी श्रीमंत आहे, मला कशाची गरज नाही’ हे त्या मंडळीच्या तोंडचे वाक्य जास्त बोलके आहे. इ. स. ६० च्या भूकंपानंतर लावदिकीयाने सम्राटाची मदत न घेता स्वतःच्या पैशाने शहर उभारल्याचे टॅसिटसने लिहून ठेवले आहे.

‘हर्मासचा मेंढपाळ’ वाचला की योहानाचा कंजूषपणा अधिक जाणवतो. दुसऱ्या शतकातल्या रोममध्ये लिहिलेल्या या ग्रंथात हर्मासला पांढऱ्या लोकरीच्या आसनावर बसलेली म्हातारी दिसते. त्याला ती सिबिल ही भविष्यवादिनी वाटते. तो चुकतो, ती ख्रिस्तमंडळी असते. भेटीगणिक ती तरुण होत जाते. पाण्यावर बांधल्या जाणाऱ्या बुरुजात चौकोनी दगड चपखल बसतात, पांढरे गोल दगड बसत नाहीत. ते कोण, असे तो विचारतो. श्रद्धा आहे पण पैसाही आहे असे लोक. संपत्ती छाटल्याशिवाय ते बसणार नाहीत, असे उत्तर मिळते. तो इतके प्रश्न विचारतो की ती त्याच्यावर वैतागते. इथे प्रतीक म्हणजे सरळ रूपक, एकास एक. प्रकटीकरणाच्या वाचकांनी हीच रीत त्या ग्रंथाला लावली आणि बरेच घोटाळे तिथून सुरू झाले.

बाराव्या अध्यायातली सूर्य पांघरलेली, पायाखाली चंद्र आणि मस्तकी बारा ताऱ्यांचा मुकुट असलेली गर्भवती स्त्री या रीतीत मावत नाही. बारा तारे इस्राएलाचे, जन्मणारा पुत्र मसीहा, नंतर तिची ‘बाकीची संतती’ म्हणजे ख्रिस्ती लोक. पाठीमागे अपोलोची आई लेटो आणि तिचा पाठलाग करणारा पायथॉन यांची ग्रीक कथाही ऐकू येते. मध्ययुगापासून ती मरिया ठरली. पणजीचे प्रसिद्ध चर्च जिला वाहिलेले आहे त्या निष्कलंक मातेच्या प्रतिमाप्रकारातला चंद्र आणि तारे याच अध्यायातले आहेत.

अर्थनिर्णयनाचा पुढचा इतिहास थोडक्यात असा. इ. स. ३०४ च्या सुमारास हुतात्मा झालेल्या पेटाऊच्या व्हिक्टोरिनसने सर्वांत जुने उपलब्ध लॅटिन भाष्य लिहिले. ग्रंथात एकामागून एक येणाऱ्या अरिष्टांच्या दोन माळा, सात कर्णे आणि सात वाट्या, या वेगळ्या घटना नसून तीच गोष्ट पुन्हा सांगितली आहे, हे त्याचे निरीक्षण आजही उपयोगी पडते. उत्तर आफ्रिकेतील टिकोनियस आणि त्याच्यामागोमाग ऑगस्टीन यांनी विसाव्या अध्यायातले ख्रिस्ताचे हजार वर्षांचे राज्य म्हणजे चर्चचा चालू काळ, असे ठरवून भविष्यगणितावर झाकण घातले. बाराव्या शतकात फ्योरेच्या योआकिमने ते उघडले. ल्यूथरने १५२२ मध्ये या ग्रंथाबद्दल नावड व्यक्त केली. पण त्याच आवृत्तीतल्या क्रानाखच्या चित्रात बॅबिलोनच्या स्त्रीच्या डोक्यावर पोपचा तिपदरी मुकुट होता, आणि गवगवा झाल्यावर पुढच्या आवृत्तीत तो उतरवण्यात आला. न्यूटननेही यावर लिहिले. ते त्याच्या मृत्यूनंतर, १७३३ मध्ये छापले गेले. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी ख्रिस्ताच्या पुनरागमनासाठी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली आणि ती तशीच उलटून गेली. तेव्हापासून बारकोड, कोविडची लस, जे नवे येईल ते श्वापदाची खूण ठरत आले आहे. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने ग्रंथ स्वीकारला, पण उपासनेतल्या वाचनात तो आजही घेतला जात नाही. सिरियाक पेशित्ता बायबलात तो मुळात नव्हताच.

१८९५ मध्ये जर्मन अभ्यासक हेर्मान गुंकेलने बाराव्या अध्यायात त्या स्त्रीवर टपलेल्या अजगराचे धागे बॅबिलोनी सृष्टिकथेपर्यंत नेले आणि तौलनिक अभ्यासाला वेग आला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रश्न बदलला: हे प्रतीक कोणाच्या बाजूने बोलते? दक्षिण आफ्रिकेत ॲलन बोसाक यांनी वर्णभेदी राजवटीच्या काळात श्वापद वाचले ते सत्तेखाली चिरडलेल्यांच्या जागेवरून. स्त्रीवादी अभ्यासकांनी त्याच ग्रंथाला दुसरा सवाल केला. साम्राज्याला वेश्या म्हणून उघडे करून जाळण्याचे सतराव्या अध्यायातले चित्र पीडितांच्या बाजूचे म्हणून सोडून द्यायचे काय? त्यावर अजून एकमत नाही.