कुलिकोव्होच्या लढाईने मंगोल सत्ता संपली? छे!

१३८० मध्ये कुलिकोव्होच्या मैदानावर मॉस्कोच्या दिमित्रीने गोल्डन होर्डला, म्हणजे रशियाकडून खंडणी घेणाऱ्या मंगोल राज्याला, धूळ चारली आणि रशिया मोकळा झाला, असं सर्रास सांगितलं जातं. लढाई खरी, मोकळीक नाही. हरला तो होर्डचा सरदार ममाई. चंगीझखानाच्या वंशातला नसल्याने त्याला खानही होता येत नव्हतं. दोनच वर्षांत खरा खान तोख्तामिश मॉस्कोच्या वेशीवर येऊन ठाकला. दिमित्री तेव्हा दूर कोस्त्रोमा शहरात. 'तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही' अशा शपथा तटाखालून वाहिल्या त्या तोख्तामिशसोबत आलेल्या दिमित्रीच्याच मेहुण्यांनी! लोकांनी दरवाजे उघडले, शहर जळून खाक झालं. खंडणी पुन्हा सुरू, वर मुलगा वासिली ओलीस. होर्डचं कंबरडं मोडलं ते तैमूरने, १३९५ मध्ये तेरेक नदीकाठी तोख्तामिशला हरवून आणि मग सराय ही राजधानी लुटून. उरलंसुरलं १५०२ मध्ये क्रिमियाच्या खानाने, म्हणजे भाऊबंदानेच, संपवलं.